चार कंगोऱ्यांचा तांबूस शंख : लुप्त झालेली सागरी गोगलगाय ओळखावी कशी?

अमेरिकेत मेरीलँडच्या कॅल्व्हर्ट काउंटीत, चेसापीक उपसागराच्या पश्चिम काठावर, मातीचे उंच कडे थेट पाण्यापर्यंत येतात. त्यांत मायोसीन काळातला समुद्रतळ थरांवर थर रचून ठेवल्यासारखा उघडा पडला आहे. सर्वांत जुने थर पावणेदोन-दोन कोटी वर्षांपूर्वीचे, तर सर्वांत वरचे साधारण ८० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. वॉशिंग्टन-बाल्टिमोर भागातली मराठी कुटुंबेही मुलांना घेऊन इथे शार्कचे दात वेचायला येतात. दात शोधण्याच्या नादात पायाशी पडलेला तांबूस-तपकिरी शंखाचा तुकडा मात्र तसाच राहून जातो. माझ्या मते या किनाऱ्यावरचा सर्वांत मोलाचा ऐवज तोच. त्याचे नाव एक्फोरा. ही शिकारी सागरी गोगलगाय मायोसीननंतरचा प्लायोसीन काळ संपेपर्यंत नामशेष झाली आणि आज तिची एकही जात जिवंत नाही.

ज्यांनी आजवर एकही जीवाश्म हातात धरलेला नाही, त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण एक्फोराचे घेतले आहे, पण पद्धत कुठल्याही जीवाश्म शंखाला लागू पडते. सुरुवातीलाच एक आग्रह धरतो: नाव सगळ्यात शेवटी. आधी थर, मग आकार, मग तुलना आणि मग नाव. चित्र पाहून आधी नाव ठरवायचे आणि नंतर त्याला साजेशी लक्षणे शोधत बसायचे, ही उलटी वाट धरली की पुढचे सगळेच चुकते. हे एक्फोराच्याच बाबतीत किती मोठ्या पातळीवर घडले, ते पुढे येईलच.

पायरी १ : कुठे जायचे, कुठे थांबायचे

कॅल्व्हर्ट क्लिफ्स स्टेट पार्कमध्ये किनाऱ्यावर सुटे पडलेले जीवाश्म वेचायला परवानगी आहे. गाडी लावल्यावर जंगलातून सुमारे १.८ मैल चालावे लागते, त्यामुळे पाणी आणि बूट नीट असू द्या. कड्यात खणायला मनाई आहे आणि कड्याखाली जायलाही. हे नियम अक्षरशः पाळा. कड्यांची माती ठिसूळ आहे, पावसानंतर आणि बर्फ वितळल्यावर मोठमोठे ढलपे कसलीही चाहूल न देता खाली येतात. मुले बरोबर असतील तर कोणी कुठवर जायचे ते गाडीतून उतरण्याआधीच ठरवून टाका. या कड्यांत प्युरिटन टायगर बीटल नावाचा एक दुर्मीळ, कायद्याने संरक्षित भुंगेरा राहतो, हे न खणण्याचे आणखी एक कारण.

उद्यानाबाहेरचा बराचसा किनारा खासगी मालकीचा आहे. तिथे मालकाला विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून ओहोटीला पोहोचा. वादळानंतरचा दिवस उत्तम, कारण लाटांनी पायथ्याची माती धुऊन नवा माल बाहेर काढलेला असतो. बाकीचे बहुतेक शंख-शिंपले इथे खडूसारखे पांढरे पडलेले दिसतात, त्यामुळे एक्फोराचा तांबूस रंग ओल्या वाळूत लगेच डोळ्यात भरतो.

पायरी २ : शंखाचा पत्ता लिहा

नवखी माणसे नेमकी हीच पायरी गाळतात आणि ही गाळली की पुढे कितीही अभ्यास केला तरी उपयोग नसतो. शंख कुठल्या थरातून आला हे माहीत नसेल, तर त्याची जात बहुतेक वेळा ठरवता येत नाही.

कॅल्व्हर्टच्या कड्यांत खालून वर तीन शैलसमूह, म्हणजे एका नावाखाली धरलेले थरांचे गट, येतात: सर्वांत जुना कॅल्व्हर्ट, त्यावर चॉपटँक, सर्वांत वर सेंट मेरीज. जॉर्ज शॅटक यांनी १९०४ मध्ये या थरांना क्रमांक दिले. १ ते १५ कॅल्व्हर्टचे, १६ ते २० चॉपटँकचे आणि २१ ते २४ सेंट मेरीजचे. नंतरच्या संशोधकांनी सीमारेषा थोड्याफार हलवल्या, तरी हे क्रमांक अजूनही लोकांच्या बोलण्यात असतात. सगळे थर आग्नेयेकडे किंचित कललेले आहेत. म्हणून उत्तरेला चेसापीक बीचजवळ पायथ्याशी जुना कॅल्व्हर्ट दिसतो आणि दक्षिणेकडे चालत गेलात की हळूहळू वरचे, नवे थर किनाऱ्याच्या पातळीवर उतरतात. नकाशात तुम्ही कुठे उभे आहात यावरून शंखाच्या वयाचा पहिला अंदाज बांधता येतो.

अडचण अशी की किनाऱ्यावर सुटा सापडलेला शंख वरच्या कुठल्याही थरातून घसरून आलेला असू शकतो. अशा वेळी सोबतचा पुरावा गोळा करा. शंखाच्या पोटात अडकलेली माती चुकूनही फेकू नका. ती निळसर चिकणमाती आहे की पिवळट वाळू, त्यात शिंपल्यांचा चुरा किती आहे, हे थराची खूण सांगते. शिवाय जवळपास मोठे पंखाकृती शिंपले दिसतात का ते पाहा. चेसापेक्टेन या प्रजातीच्या (प्रजाती म्हणजे इंग्रजीत जीनस, जवळच्या जातींचा गट) वेगवेगळ्या जाती वेगवेगळ्या काळात राहिल्या. चेसापेक्टेन कॉक्सिमेलस कॅल्व्हर्टमध्ये, चेसापेक्टेन नेफ्रेन्स चॉपटँकमध्ये आणि चेसापेक्टेन सान्टामारिया सेंट मेरीजमध्ये सापडते. एकाच मातीच्या ढेकळात शंख आणि असा शिंपला दोन्ही मिळाले तर वयाचा प्रश्न जवळजवळ सुटलाच.

प्रत्येक शंखाला स्वतंत्र पिशवी आणि प्रत्येक पिशवीत चिठ्ठी ठेवा. तारीख, फोनवरून मिळालेले अक्षांश-रेखांश, कड्यातून नुकताच पडलेल्या ढेकळात होता की वाळूत सुटा होता, कड्याच्या कुठल्या पट्ट्यासमोर होता, हे सगळे तिथल्या तिथे लिहा. घरी गेल्यावर आठवून लिहू म्हणाल, तर चार पिशव्यांची सरमिसळ ठरलेली.

पायरी ३ : साफसफाई, तीही जपून

ओला शंख ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून आणा आणि सावलीत सावकाश वाळू द्या. उन्हात किंवा ओव्हनमध्ये ठेवलात तर तडे जातात. वाळल्यावर मऊ ब्रश आणि लाकडी टूथपिकने बाहेरची माती काढा. तोंडातली माती शक्यतो तशीच ठेवा. ती आतून आधार देते आणि थराचा पुरावाही तीच असते.

व्हिनेगर, लिंबू, सांडगे-लोणच्याच्या बरण्या घासायला वापरतो तसले काहीही आंबट लावू नका. शंख चुन्याचा आहे, आम्लाने विरघळतो. पापुद्रे सुटत असतील तर संग्रहालये पॅरालॉइड बी-७२ नावाचे रेझिन ॲसिटोनमध्ये पातळ करून लावतात. ते पुढे कधीही विरघळवून काढता येते. सुपरग्लू तसा निघत नाही, म्हणून तो टाळा. ॲसिटोन उघड्या हवेत आणि आगीपासून लांब वापरा.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. एक्फोराच्या कवचाचा बाहेरचा थर कॅल्साइटचा असतो, तर आतला ॲरॅगोनाइटचा; दोन्ही चुन्याचीच खनिजे. ॲरॅगोनाइट लवकर झिजते, कॅल्साइट टिकते. म्हणून शेजारचे शंख खडूसारखे झाले तरी एक्फोराची बाहेरची तांबूस कातडी शाबूत राहते. २०१५ मध्ये जॉन नान्स, रॉबर्ट हेझन आणि सहकाऱ्यांनी अशाच कवचांचे तुकडे सौम्य आम्लात विरघळवले, तेव्हा तांबूस रंगाचे पातळ सेंद्रिय पापुद्रे मागे उरले. कवच घडवणाऱ्या मूळ प्रथिनांचे आणि रंगद्रव्याचे ते अवशेष असल्याचे त्यांनी दाखवले. ज्या जिवाने तो रंग बनवला, त्याचाच रंग कोटभर वर्षांनी आपण पाहतो. शंख घासूनपुसून चकचकीत करण्याचा मोह झाला, तर हे आठवा.

पायरी ४ : शंख धरायचा कसा आणि पाहायचे काय

शेंडा वर, तोंड तुमच्याकडे. शंखांची वर्णने याच ठेवणीत लिहिलेली असतात. असे धरल्यावर तोंड उजवीकडे आले तर शंख उजवा आणि डावीकडे आले तर डावा. एक्फोरा उजवा आहे. आपल्याकडे पूजेत दुर्मीळ मानला जाणारा दक्षिणावर्ती शंख शेंडा वर करून धरला तर त्याचे तोंड डावीकडे येते, म्हणजे प्राणिशास्त्राच्या हिशेबाने तो डावा. आपण देवापुढे शंख उलट, शेंडा खाली ठेवून धरतो, म्हणून ही गफलत होते. वर्णने वाचताना हे ध्यानात असू द्या.

आता शेंड्यापासून खाली या. अगदी टोकाचे एक-दोन बारीक वेढे अळी-अवस्थेतले असतात. ते शाबूत असतील तर भिंगाने पाहा, जाती वेगळ्या करताना त्यांचा फार उपयोग होतो. पुढचे वेढे एकमेकांना जिथे चिकटतात ती रेषा म्हणजे शिवण. शेवटचा, सर्वांत मोठा वेढा म्हणजे अंगाचा वेढा. त्याला उघडणारे ते तोंड, तोंडाची बाहेरची कड म्हणजे ओठ. तोंडाच्या खालच्या टोकाशी पन्हळ असते. जिवंतपणी याच पन्हळीतून श्वसननळी बाहेर येई. शंख उलटा करून तळाकडून पाहिलात की मध्यभागी पोकळ खळगा दिसेल, ती नाभी. सर्व शंखांना नाभी नसते, एक्फोराला असते, आणि काही जातींत ती चांगली रुंद असते.

१० पट मोठे दाखवणारे भिंग आणि व्हर्नियर कॅलिपर एवढी सामग्री पुरते. उंची, सर्वांत जास्त रुंदी, तोंडाची उंची आणि नाभीची रुंदी मोजा, वेढे मोजा. चार फोटो काढा: तोंडाकडून, पाठीकडून, शेंड्यावरून आणि तळाकडून. प्रत्येकात मोजपट्टी ठेवा. उजेड एका बाजूने तिरका पडू द्या, म्हणजे कंगोरे उठून दिसतात.

पायरी ५ : एक्फोराच आहे का?

एक्फोराची खरी ओळख म्हणजे अंगाच्या वेढ्याभोवती फिरणारे ठळक कंगोरे. वेढ्याच्या वळणाबरोबर जाणारे हे पट्टे आडव्या छेदात इंग्रजी ‘टी’ अक्षरासारखे दिसतात: बारीक मान, वर रुंद सपाट माथा. या रचनेमुळे तुटका तुकडाही ओळखू येतो. लाटांत घासलेल्या शंखांवर माथे उडून नुसत्या माना उरतात, तेव्हा कंगोऱ्यांच्या बुडख्यांवरून मोजणी करा. घासलेल्या शंखाला ‘कंगोरे नाहीत’ असे कधीही लिहू नका. ‘माथे झिजलेले’ असे लिहा.

तिथेच सापडणारे दुसरे शंख पटकन बाजूला काढता येतात. चंद्रगोगलगायी गोल आणि गुळगुळीत असतात. टुरिटेला उंच निमुळती असते, तिला पुष्कळ वेढे आणि बारीक रेघा असतात. व्हेल्क गटातले मोठे शंख लांब पन्हळीचे असतात, पण त्यांना टी-आकाराचे कंगोरे नसतात. कधी कवच पूर्ण विरघळून गेलेले असते आणि मातीचा साचा तेवढा शिल्लक राहतो. अशा साच्यावरून प्रजातीपर्यंत पोहोचलात तरी पुष्कळ झाले, त्याच्या पुढे जाऊ नका.

शिंपल्यांना पडलेली भोकेही पाहून ठेवा. कोकणच्या किनाऱ्यावर शिंपल्याला आरपार नीट गोल भोक दिसते, मुले त्यात दोरा ओवतात. ते काम शिकारी गोगलगायींचे असते. खरवडणाऱ्या जिभेने आणि स्रावाने त्या कवच पोखरतात व आतला जीव खातात. चंद्रगोगलगायीचे भोक वरून पसरट आणि आत निमुळते असते. म्युरिसिडी कुलातल्या गोगलगायींचे भोक बहुधा सरळ भिंतींचे असते. एक्फोरा याच कुलातली. तीही अशीच शिंपल्यांची शिकार करत असावी असे मानले जाते.

पायरी ६ : जात कोणती?

इथे घाई करणाऱ्यांची फजिती होते. कंगोरे मोजले, चार भरले, म्हणजे ‘क्वाड्रिकोस्टाटा’ (लॅटिनमध्ये ‘चार कंगोऱ्यांची’), असा सरळ हिशेब दीडशे वर्षांहून अधिक काळ चालला. थॉमस से या अमेरिकी निसर्गशास्त्रज्ञाने १८२४ मध्ये चार कंगोऱ्यांच्या शंखाचे वर्णन करून त्याला फ्युसस क्वाड्रिकोस्टाटस असे नाव दिले. टिमथी कॉनरॅड यांनी १८४३ मध्ये त्याच्यासाठी एक्फोरा ही वेगळी प्रजाती केली. तेव्हापासून मेरीलँडचे मायोसीन शंख आणि व्हर्जिनियाच्या यॉर्कटाउन थरांतले, म्हणजे त्यानंतर काही दशलक्ष वर्षांनी प्लायोसीनमध्ये आलेले शंख एकाच नावाखाली जात राहिले. १९८४ मध्ये मेरीलँडने एक्फोरा क्वाड्रिकोस्टाटा हे आपले राज्य-जीवाश्म म्हणून कायद्यात लिहिले.

तीन वर्षांनी, १९८७ मध्ये, ड्रुइड विल्सन यांनी दोन्हींची बारकाईने तुलना केली आणि मेरीलँडच्या सेंट मेरीज थरांतल्या शंखाला वेगळी जात ठरवून एक्फोरा गार्डनरी हे नाव दिले. राज्याच्या मानचिन्हावर दुसऱ्याच जातीचे नाव होते! १९९४ मध्ये कायदा बदलून नवे नाव घातले गेले. कंगोरे दोन्हींनाही चारच आहेत. फरक नाभीची रुंदी, वेढ्यांची घट्ट-सैल गुंडाळी, कंगोऱ्यांच्या माथ्याची घडण अशा बारकाव्यांत आहे, आणि ते बारकावे थराच्या वयाशी जुळवून पाहिल्यावरच अर्थ लागतो. पायरी २ वर एवढा वेळ का घालवला, ते आता कळेल.

नव्या नावात ज्यांचा गौरव आहे त्या ज्युलिया गार्डनर (१८८२–१९६०) या अमेरिकेच्या भूशास्त्र सर्वेक्षण संस्थेत आयुष्यभर जीवाश्म शंख-शिंपल्यांवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात जपानने पॅसिफिकवरून बाँब लटकवलेले फुगे सोडले. त्यांच्या वजनाच्या पिशव्यांतली वाळू कुठल्या किनाऱ्यावरची, याचा माग ज्या लष्करी भूशास्त्र विभागाने काढला, त्यात त्या होत्या. वाळूतले सूक्ष्म जीव आणि शिंपल्यांचे कण हाच त्या तपासाचा आधार. कवचाच्या तुकड्यावरून जागा ओळखण्याची ही विद्या किती खोल जाते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

तीन कंगोऱ्यांचा शंख मिळाला तर कॅल्व्हर्ट आणि चॉपटँकच्या जुन्या थरांतल्या ट्रायकोस्टाटा गटाशी ताडून पाहा. काही संशोधक या गटाला ट्रायसेक्फोरा अशी वेगळी प्रजाती मानतात. एडवर्ड पेटुक यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस चेसापीकमधल्या या शंखांच्या पुष्कळ नव्या जाती नोंदवल्या. त्यातल्या काही खरोखर वेगळ्या जाती की एकाच जातीतले नैसर्गिक कमी-जास्त रूप, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. नवख्याने या वादात बाजू घेऊ नये. एकाच ढेकळातले पाच-दहा शंख शेजारी ठेवून फरक किती पडतो ते आधी पाहावे. पिल्लांचे शंख मोठ्यांपेक्षा वेगळे दिसतात, हेही विसरू नये.

तुलनेसाठी सॉलोमन्स गावातले कॅल्व्हर्ट मरीन म्युझियम हे सर्वांत सोयीचे ठिकाण आहे. घरबसल्या पेलिओबायॉलॉजी डेटाबेसमध्ये कोणती जात कुठल्या थरात नोंदली गेली ते सापडते, तर मोलस्काबेसमध्ये आज कुठले नाव ग्राह्य आहे ते पाहता येते.

पायरी ७ : वर्गीकरण आणि नाव लिहिण्याची रीत

शाळेतली उतरंड आठवा: संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. आपला शंख मृदुकाय संघातला, उदरपाद वर्गातला, निओगॅस्ट्रोपोडा गणातला, म्युरिसिडी कुलातला, एक्फोरा प्रजातीचा. जुन्या लिखाणात कुलाचे नाव थायडिडी दिसले तर गोंधळू नका. त्या गोगलगायी आता म्युरिसिडीतच धरल्या जातात.

नावापुढे ते देणाऱ्याचे आडनाव आणि वर्ष येते. एक्फोरा क्वाड्रिकोस्टाटा (से, १८२४) यातला कंस शोभेचा नाही. मूळ नाव दिले तेव्हा प्रजाती वेगळी होती, नंतर बदलली, असे तो सांगतो. एक्फोरा गार्डनरी विल्सन, १९८७ याला कंस नाही, कारण विल्सन यांनी ती जात पहिल्यापासून एक्फोरातच ठेवली.

खात्री नसेल तर तेही लिहिण्याची रीत आहे. प्रजाती पक्की, जात कळत नाही, तर ‘एक्फोरा एसपी.’ जात बहुधा हीच, पण ताडून पाहायला हवी, तर मधे ‘सीएफ.’ या जातीच्या जवळची, पण तीच नव्हे असे वाटते, तर ‘ॲफ.’ संग्रहालयांच्या कपाटांत ‘एसपी.’ लिहिलेल्या चिठ्ठ्या हजारोंनी असतात. पुराव्यापाशी थांबलेली चिठ्ठी शास्त्रज्ञाला कामाची असते. अंदाजाने पुरे केलेले नाव मात्र पुढच्या माणसाला चकवते.

एक नमुना चिठ्ठी अशी: ‘एक्फोरा सीएफ. गार्डनरी. कंगोरे ४, दोन माथे झिजलेले. उंची ५८ मिमी, नाभी उघडी. ढेकळात, सोबत चेसापेक्टेन सान्टामारिया. सेंट मेरीज शैलसमूह.’ तारीख आणि जागा खाली.

महाराष्ट्रात बसून हे वाचणाऱ्यांसाठी दोन शब्द. आपल्या राज्याचा मोठा भाग बसाल्टने व्यापलेला आहे. लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात नागपूर परिसरात जे शंख मिळतात, उदाहरणार्थ फायसा प्रिन्सेपी, ते गोड्या पाण्यातले. स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० मध्ये या ठेवींवर लिहिले होते. त्यांना सागरी समजू नका. सागरी जीवाश्म शंखांसाठी कच्छ अधिक योग्य. ठिकाण कुठलेही असो, परवानगी आणि चिठ्ठी या दोन गोष्टी सुटता कामा नयेत.

पायरी ८ : मोठे काही सापडले तर

पूर्ण, न झिजलेला एक्फोरा कड्यात रुतलेला दिसला तर उपसू नका. नाणे किंवा पट्टी शेजारी दिसेल असा फोटो दुरूनच काढा, अक्षांश-रेखांश नोंदवा आणि उद्यानाच्या कर्मचाऱ्यांना किंवा म्युझियमला कळवा. सुटा मिळालेला चांगला शंख, विशेषतः थराची पक्की नोंद असलेला, म्युझियमला दाखवायला नेताना पोटातली माती, मूळ चिठ्ठी आणि चारही फोटो बरोबर न्या. त्यांना तो संग्रहासाठी हवा असेल, तर माझा सल्ला आहे की देऊन टाका. तिथे त्याला क्रमांक मिळेल आणि एक्फोराच्या जातींचा पुढचा वाद सोडवणाऱ्याला तो कपाटातून काढून मोजता येईल.